जर्मनच्या गंजाची जाडी

शीर्षक वाचून कोकणपट्टीतील आमच्या वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव आहे, म्हणून प्रारंभीच दोन शब्दांचा खुलासा करतो. वऱ्हाडात गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबेरा नव्हे, तर उभट, पसरट तोंडाचे पातेले. आणि जर्मन म्हणजे तो देश नव्हे, तर अॅल्युमिनियम. महाराष्ट्रातील खेडोपाडी या धातूच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणण्याची रीत फार जुनी आहे. तेव्हा जर्मनचा गंज म्हणजे अॅल्युमिनियमचे पातेले. या गंजाला गंज चढत नाही, मात्र तो झिजतो. तो किती झिजला आणि किती उरला हे त्याला न कापता, न भोसकता, केवळ बाहेरून कसे ओळखावे, हा आजच्या लेखाचा विषय. विषय स्वयंपाकघरातला असला, तरी त्याचा धागा विजेच्या शास्त्रापर्यंत आणि विमानांच्या पत्र्यापर्यंत जातो.

वाचकहो, आपल्या घरातील विजेचा जुना मीटर आठवून पाहा. काचेच्या खिडकीआड एक चपटी, चकचकीत चकती संथपणे फिरत असे. तिच्या कडेवर एक काळी खूण असे आणि ती खूण किती वेळा समोरून जाते हे मोजण्यात लहानपणी आमच्या कित्येक दुपारी गेल्या. आता बहुतेक ठिकाणी ते मीटर जाऊन आकडे दाखवणारे मीटर आले आहेत. ती चकती अॅल्युमिनियमची असे आणि तिच्या कडेला, तिला स्पर्श न करणारा, एक लोहचुंबक बसवलेला असे. लोहचुंबक अॅल्युमिनियमला ओढत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग त्या चुंबकाचे तेथे काम काय? तर चकतीला आवर घालण्याचे. चुंबकासमोरून फिरताना चकतीच्या अंगात विजेचे लहान लहान भोवरे उत्पन्न होत आणि तेच भोवरे चकतीच्या गतीला विरोध करीत. नदीच्या प्रवाहात खांब रोवला असता त्याच्यामागे पाणी जसे गरगरते, तसे धातूच्या अंगात गरगरणारे हे प्रवाह. इंग्रजीत त्यांना एडी करंट म्हणतात. आपण त्यांना भोवरी प्रवाह म्हणू.

या भोवऱ्यांचा पहिला सुगावा १८२४ साली पॅरिसमध्ये आरागो या शास्त्रज्ञाला लागला. होकायंत्राची सुई तांब्याच्या चकतीवर धरली की तिचे डोलणे लवकर थांबते आणि खालची चकती फिरवली तर सुईही तिच्यामागे फिरू लागते, असे त्याने पाहिले. कारण मात्र कोणाला उमगेना. १८३१ साली मायकेल फॅरेडेने बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे दाखवले आणि ते कोडे सुटले. १८३४ साली लेन्झने नियम सांगितला की, अशी उत्पन्न झालेली वीज आपल्या उत्पत्तीच्या कारणालाच विरोध करते. १८५५ साली फ्रान्सच्या फुकोने चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून ती फिरवायला अधिक बळ लागते आणि ती तापते, हे दाखवून दिले. फ्रेंच भाषेत हे प्रवाह आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात.

येथे एका धर्मगुरूंचे स्मरण करणे आमचे कर्तव्य आहे, कारण या यंत्राचे मर्म असलेल्या वेटोळ्यांच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. आयर्लंडमधील मेनूथ येथील सेमिनरीत फादर निकोलस कॅलन हे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १७९९ सालचा, गुरुदीक्षा १८२३ सालची आणि मृत्यू १८६४ सालचा. लोखंडाच्या गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी गुंडाळून, एकातील प्रवाह तोडताच दुसऱ्यात प्रचंड दाबाची वीज उसळते, असे प्रेरण-वेटोळे त्यांनी १८३६ साली तयार केले. एका बाजूला संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या ग्रंथांचे भाषांतर आणि दुसऱ्या बाजूला बॅटऱ्या व वेटोळी, असा त्यांचा दिनक्रम होता. विजेचा जोर मोजायला सोयीची साधने नसल्यामुळे ते सेमिनरीतील विद्यार्थ्यांना धक्के देऊन तो जोखत, अशी आख्यायिका आहे. आमच्या सेमिनरीतील प्राध्यापकांनी आम्हांला दिलेले धक्के केवळ तर्कशास्त्राचे होते, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. लोखंडाला गंजापासून वाचवणारा लेप चढवण्याच्या कृतीचे पेटंटही फादर कॅलन यांनी १८५३ साली घेतले होते. धातूच्या पृष्ठभागाची चिंता वाहणारा धर्मगुरू ही काही नवी गोष्ट नव्हे, एवढेच आम्हांला सुचवायचे आहे.

आता वऱ्हाडाकडे वळू. नागपूरहून अमरावतीकडे येणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी हे गाव लागते. १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम स्थापन केला आणि मोझरीच्या नावामागे गुरुकुंज हे नाव कायमचे जोडले गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. त्यांची समाधी येथेच आहे. दर वर्षी आश्विनात पुण्यतिथीला येथे लोकांचा सागर लोटतो आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे एकाच क्षणी मौन धारण करतात. खंजिरीच्या नादाने ज्या गावाला ओळख दिली, त्या गावातील ती स्तब्धता ज्याने अनुभवली, त्याच्या ती स्मरणातून जात नाही.

याच परिसरात आमच्या देखरेखीखाली मुलांचे एक लहानसे वसतिगृह आहे. साठ मुले, दोन वेळचे जेवण, आणि चुलीवर चढणारे जर्मनचे तीन मोठे गंज. सर्वांत मोठा गंज एका धर्मग्रामस्थाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ दिलेला. भांड्यावर नाव कोरण्याच्या आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या पोटावर त्या माउलीचे नाव आणि वर्ष टिपक्याटिपक्यांनी कोरलेले आहे. तिच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साबलीनंतर घरचे सारे लोक स्वयंपाकघरात डोकावून तो गंज पाहून जात. पोरे त्याला त्या आजीच्याच नावाने हाक मारतात. ‘आज आजीत वरण शिजलं,’ असे म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणच्या सामुदायिक स्वयंपाकघरात उकळत्या वरणाच्या पातेल्याचा तळ चुलीवरून उतरवताना फाटला आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या दोन्ही पावलांना गंभीर भाजले. त्या ठिकाणाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. वार्ता आमच्या कानी आली, तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला तो आमच्या तीन गंजांचा. जर्मन कशाने झिजते याची यादी मोठी आहे. राखेने रोज घासल्याने ते झिजते. सराट्याने तळ खरवडल्याने झिजते. मिठाने त्याला बारीक खळगे पडतात. आणि आंबट पदार्थ तर त्याचा शत्रूच. वऱ्हाडातील वसतिगृह म्हटले की अंबाडीची भाजी आलीच, चिंचेचे सार आलेच. वर्षानुवर्षे आमच्या मुलांच्या पानात जे आले, त्यात आमच्या गंजांचाही काही अंश होता, असे म्हणायला हरकत नाही.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींची परीक्षा आपल्या पद्धतीची. गंज हाताने अधांतरी धरून त्यांनी त्यावर सराट्याचा दांडा वाजवला. मोठा गंज खणखणीत वाजला. मधलाही ठीक. लहान गंजाशी मात्र त्या थबकल्या. म्हणाल्या, “फादर, याचा आवाज बदलला. याले आता चुलीवर नका चढवू.” आम्हांला तिन्ही आवाज सारखेच वाटले. परंतु जिने पंचवीस वर्षे या भांड्यांशी संसार केला तिच्या कानावर अविश्वास दाखवण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. आगगाडीच्या डब्याची चाके हातोडीने ठोकून त्यांच्या आवाजावरून तडा ओळखणारे कामगार पूर्वी स्थानकांवर दिसत. विद्या तीच. घंटेला चीर गेली की ती बद्द वाजते, हे तर चर्चच्या घंटानायकाला कोणी शिकवावे लागत नाही.

आमच्या वसतिगृहात वाढलेला मोझरीचा एक मुलगा आता नागपुरात तपासणीच्या कामावर आहे. वस्तू न मोडता तिचे अंतरंग पाहणे, हा त्याचा व्यवसाय. औष्णिक वीज केंद्रांत वाफ थंड करण्यासाठी जी कंडेन्सर नावाची प्रचंड पात्रे असतात, त्यांच्यात बारीक नळ्या हजारोंनी असतात. त्या नळ्यांच्या पोटात वेटोळ्याची एक सळई सरकवून त्यांच्या भिंती कोठे पातळ झाल्या ते पाहतात. अकोला जिल्ह्यातील पारस, नागपूरजवळील कोराडी, चंद्रपूर अशा केंद्रांनी भरलेल्या विदर्भात या कामाला तोटा नाही. पुण्यतिथीनिमित्त तो मुलगा घरी आला होता आणि मालकाची परवानगी घेऊन त्याने एक यंत्र बरोबर आणले होते. दुसऱ्या दिवशी ते परत न्यायचे होते. तेव्हा आम्ही तिन्ही गंज जीपमध्ये घातले, मावशींनाही बरोबर घेतले, आणि मोझरीला त्याच्या अंगणात दाखल झालो.

त्याचे वडील भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. तीन काळेकुट्ट गंज अंगणात उतरलेले पाहून ते प्रथम हसले. मग पोराने पेटी उघडली आणि अंगणात शाळा भरली.

यंत्र म्हणजे एक छोटा पडदा, आणि तारेने जोडलेली अंगठ्याएवढी एक कांडी. कांडीच्या टोकाशी तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. त्यातून उलटसुलट वाहणारा वीजप्रवाह सोडला की त्याभोवती दर क्षणी बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. कांडी धातूच्या पत्र्यावर टेकवली की पत्र्याच्या अंगात भोवरी प्रवाह जागे होतात. ते आपले स्वतःचे विरोधी क्षेत्र उभे करतात आणि त्याचा परिणाम उलट वेटोळ्यावर होतो. वेटोळ्याला आपल्या प्रवाहाची वाट थोडी अवघड किंवा सोपी झाल्यासारखी होते. यंत्र मोजते ते हेच. पत्रा जाड असेल तर भोवऱ्यांना खाली पसरायला जागा मिळते. पातळ असेल तर त्यांचे पाय लगेच तळाला लागतात. त्यावरून जाडी कळते. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला हात लावावा लागत नाही, पाणी वा तेल चोपडावे लागत नाही, आणि वरची काजळीही आड येत नाही.

भोवरे किती खोल जातील हे प्रवाह दर सेकंदाला किती वेळा दिशा बदलतो, यावर अवलंबून असते. आपल्या घरच्या विजेप्रमाणे सेकंदाला ५० वेळा त्याची आवर्तने झाली, तर अॅल्युमिनियममध्ये सुमारे १२ मिलिमीटर खोलीवर भोवऱ्यांचा जोर मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो. १००० आवर्तनांना हीच खोली सुमारे २.६ मिलिमीटर होते, आणि १०,००० आवर्तनांना एक मिलिमीटरही राहत नाही. उतावळेपणा जितका अधिक, तितकी पोहोच उथळ. सुमारे ४ मिलिमीटर जाडीचे भांडे मोजायचे म्हणून त्या मुलाने सेकंदाला ४०० आवर्तने निवडली. लोखंडाच्या बाबतीत मात्र हे गणित बिघडते. लोखंड स्वतःच चुंबकाला भुलणारे असल्यामुळे भोवरे त्याच्या कातडीशीच अडकतात. म्हणून पोलादी पत्र्याची जाडी मोजायला बहुधा ध्वनिलहरींचे यंत्र वापरतात. किंवा विजेचे ठोके सोडून ते किती वेळाने विझतात हे पाहण्याची एक निराळी रीत योजतात.

मोजणीपूर्वीची त्याची तयारी आम्हांला मोजणीहून अधिक उद्बोधक वाटली. त्याच्याजवळ अॅल्युमिनियमची एक पायऱ्यापायऱ्यांची पट्टी होती. प्रत्येक पायरीची जाडी तिच्यावर लिहिलेली. पण पट्टीवर यंत्र लावून तो थांबला नाही. सर्व जर्मन सारखे नसते, असे तो म्हणाला. वीज वाहून नेण्याची तांब्याची शक्ती १०० धरली, तर शुद्ध अॅल्युमिनियमची सुमारे ६१, पितळेची सुमारे २८ आणि स्टेनलेस स्टीलची अडीचच्या आसपास भरते. अॅल्युमिनियममध्ये दुसरा धातू थोडा मिसळला तरी हा आकडा उतरतो आणि यंत्र जाडीचा निराळाच अर्थ लावते. म्हणून त्याने लांब जबड्याच्या कॅलिपरने प्रत्येक गंजाच्या काठाखाली चार बोटांवर खरी जाडी मोजली आणि त्याच जागी कांडी ठेवून यंत्राला ती समजावून दिली. अगदी काठावर का नाही, असे आम्ही विचारले. तर काठाजवळ भोवऱ्यांना गोल फिरायला पुरेशी जागा मिळत नाही, ते दबतात आणि यंत्र भलतेच सांगते. कांडी तिरपी झाली, किंवा मध्ये कागदाएवढे अंतर पडले, तरी पडद्यावरचा ठिपका हलतो. परंतु तो एका दिशेला हलतो आणि जाडी बदलल्यावर दुसऱ्या दिशेला. त्या दोन दिशा वेगळ्या ओळखणे, ही या विद्येतील खरी साधना.

“फादर, मशीन खोटं नाही बोलत,” तो म्हणाला, “पण जिथं ठेवाल तिथलंच सांगते.”

हे वाक्य ऐकताना आम्हांला एक जुनी घटना आठवली. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात कोठे अडकली हे कळेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने वेटोळ्यांच्या तोलाचे एक यंत्र सिद्ध करून आणले. त्याच तत्त्वावर डेव्हिड ह्यूज याने १८७९ साली धातूधातूंतील भेद आणि नाण्यांतील खरे-खोटे ओळखून दाखवले होते. बेलचे यंत्र उत्तम होते. पण रुग्णाच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी यंत्राला गोंधळात टाकले. शिवाय गोळी उजव्या बाजूलाच आहे, असे प्रमुख डॉक्टरांनी ठरवून टाकले होते आणि तपास त्याच बाजूस करू दिला. गोळी डाव्या बाजूला होती. १९ सप्टेंबर रोजी अध्यक्षांचे निधन झाले. दोष वेटोळ्याचा नव्हता. ते जेथे ठेवू दिले, तेथलेच त्याने सांगितले.

आमच्या अंगणातील तपासाला अशी मर्यादा नव्हती. मुलाने प्रत्येक गंज उपडा घातला, तळावर खडूने चौकटी आखल्या, आणि एकेक चौकट मोजत गेला. वडील आकडे वहीत उतरवू लागले.

लहान गंज प्रथम घेतला, मावशींच्या संशयाचा. तळ सर्वत्र २.८ ते ३ मिलिमीटर. झीज सारखी, धोका काही नाही. मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. मुलगा मात्र तेवढ्यावर समाधानी झाला नाही. “मावशीचा कान चुकत नसते,” म्हणत त्याने पेन्सिलीएवढी दुसरी कांडी जोडली, आवर्तने बरीच वाढवली, आणि गंजाच्या कड्या जेथे रिबिटांनी बसवल्या होत्या तेथे फिरवली. एका रिबिटाशी ठिपका टुणकन उडाला. पुन्हा फिरवली, पुन्हा उडाला. काजळी पुसून भिंगातून पाहिले, तेव्हा रिबिटाच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर दिसली. भरलेला गंज उचलताना ती कडी एखाद्या दिवशी हातात आली असती. आवाज बदलला होता तो यामुळे. मावशींना व्याधी अचूक कळली होती. तिची जागा तेवढी यंत्राने दाखवली.

रिबिटाच्या भोकातील चीर ही लहान गोष्ट नव्हे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचे एक बोईंग विमान २४,००० फुटांवर असता त्याच्या छताचा मोठा भाग उडून गेला. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले, परंतु एक हवाईसुंदरी प्राणाला मुकली. विमान १९ वर्षांचे होते. छोटी छोटी अंतरे तोडत त्याची ८९ हजारांहून अधिक उड्डाणे झाली होती आणि पत्र्याच्या जोडावरील रिबिटांच्या भोकांशी असंख्य बारीक चिरा पडून त्या एकमेकींना मिळाल्या होत्या. त्यानंतर जुन्या विमानांची अंगे भोवरी प्रवाहांनी तपासण्याकडे साऱ्या जगाने अधिक कटाक्षाने लक्ष पुरवले. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा आमच्या काही धर्मग्रामस्थांनी हौसेने प्रवास केला. ज्या पत्र्याच्या भरवशावर आपण आकाशात बसतो, त्यावरून कोणीतरी अनामिक मनुष्य अशीच कांडी फिरवत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

मधल्या गंजात काही निघाले नाही. मग मोठा गंज घेतला, आजीचा. काठाखाली ४ मिलिमीटर. तळाच्या मध्यभागी २.३. मावशी निश्चिंत होत्या, कारण हा सर्वांत खणखणीत वाजणारा. परंतु तळ जेथे वळून पोटाला मिळतो, त्या वळणावर, तळहाताएवढ्या एका जागी, आकडा उतरत उतरत १.१ वर आला. मुलाने कांडी पुसली, पायऱ्यांच्या पट्टीवर पुन्हा तपासली, पुन्हा ठेवली. १.१. शिवाय, यंत्र सांगते ती कांडीच्या टोकाखालील जागेची सरासरी; त्यात एखादा बारीक खळगा असेल तर तेथील जाडी याहूनही कमी असू शकते, असे त्याने बजावले. चुलीत जाळ लागतो तो त्याच बाजूला, आणि सराटा फिरतो तोही त्याच वळणावर. गंजाच्या आत वाकून हात फिरवला, तर बोटांना काहीही कळत नव्हते. त्या जागेच्या अगदी वर, पोटावर, माउलीचे नाव होते.

अंगणात कोणी बोलेना. खंजिरीवाल्या वडिलांनी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. तो आकडा वाचणे सोपे होते. तो घेऊन एका घरी जाणे कठीण. दान दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचे मन गुंतलेले असते. आईचे नाव चुलीवरून उतरवा, असे मुलाला कसे सांगावे? अमरावतीच्या एका जुन्या भांडेवाल्याला विचारून पाहिले. डाग लावता येईल, परंतु पत्रा एवढ्या भागात पातळ झाला असता डागाच्या कडेलाच तो फाटेल, असे त्याचे मत पडले. मग आम्ही ती वही खिशात घालून त्या घरी गेलो. घर शेतकऱ्याचे. ओसरीवर बसून आम्ही यंत्राची सारी हकीकत सांगितली, आकडे दाखवले. गृहस्थाने वही हातात घेतली, दोनदा वाचली. साठ पोरे त्या चुलीभोवती ताटे घेऊन बसतात, हे आम्हांला सांगावे लागले नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “माय असती तं तिनंच बदलून टाकला असता.” आणि क्षणभराने, “पण मोडीत नका देऊ, फादर.”

मोडीत दिला नाही. आजीचा गंज आता कोठीत आहे आणि त्यात वसतिगृहाची तुरीची डाळ राहते. आच लागत नाही, सराटा फिरत नाही, आणि नाव दर्शनी बाजूस आहे. ‘आजीतून डाळ काढ,’ असे पोरे आता म्हणतात. लहान गंजाची चिरलेली बाजू कापून, नवा पत्रा आतून-बाहेरून देऊन कड्या पुन्हा बसवून घेतल्या. मोठ्या गंजाच्या जागी नवा आला. तो आणताना दुकानदाराने आग्रह केला की विजेच्या इंडक्शन शेगडीवर चालेल असे भांडे घ्या, काळ बदलला आहे. शेगडीही भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह उठवूनच ते तापवते. पण साध्या शेगडीवर जर्मन तापत नाही, कारण ते चुंबकाला भुलत नाही आणि प्रवाहाला त्यात पुरेसा अटकाव होत नाही. आमच्या साठ मुलांच्या वरणाला अजून लाकडाची चूलच परवडते, म्हणून आम्ही पुन्हा जर्मनच घेतले. तेवढे पत्रा जाड पाहून घेतले.

नव्या गंजाचा तळ त्या मुलाने पहिल्याच सुट्टीत येऊन बारा ठिकाणी मोजून दिला. आकडे वहीत आहेत, तारखेसह. पुढील आश्विनात तो पुन्हा येईल, त्याच बारा जागी कांडी ठेवील, आणि वर्षाला किती झिजते ते कळेल. एकदाच्या मोजणीतून वस्तू आज कशी आहे एवढेच समजते. दोन मोजण्यांमधील अंतरातून ती आणखी किती दिवस साथ देईल, याचा अंदाज बांधता येतो.

मावशींनी वहीतले आकडे समजावून घेतले आहेत. त्यांना वाचता येते ते थोडे, पण १.१ चा अर्थ त्या आता कोणालाही सांगू शकतात. तरीही रोज पहाटे गंज चुलीवर चढवण्यापूर्वी त्या सराट्याचा दांडा वाजवून कान देतात. आम्ही त्यांना थांबवलेले नाही. यंत्र वर्षातून एकदा येते. मावशी रोज असतात.